एका फुलासमोर दहा मिनिटे : रीडिंगमधील परागणाचे शिक्षण

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि सप्टेंबर २०१४ पासून लागू झालेल्या इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात परागणाला तिसऱ्या वर्षी, म्हणजे सात ते आठ वर्षे वयाच्या मुलांच्या विज्ञानात स्थान मिळाले आहे. सपुष्प वनस्पतींच्या जीवनचक्रात फुलाचे काम कोणते, हे मुलांनी शोधावे आणि त्या ओघात परागण, बीजनिर्मिती व बीजप्रसार हे टप्पे समजून घ्यावेत, एवढीच तेथील अपेक्षा आहे. परागण म्हणजे पुंकेसराच्या टोकाशी असलेल्या परागकोशातून सुटलेले परागकण त्याच जातीच्या फुलाच्या कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या चिकट टोकावर जाऊन पोहोचणे. तेथे कण रुजतो, त्याची बारीक नलिका अंडाशयातील बीजांडापर्यंत उतरते आणि मग बी धरते. हे कण एका फुलातून दुसऱ्या फुलात नेतो कोण, याविषयी मात्र अभ्यासक्रमाच्या त्या विधानात एकही शब्द नाही. तेथे कोणत्याही कीटकाचे नाव नाही, तेव्हा त्या भूभागातील देशी कीटकांचा उल्लेख असण्याचा प्रश्नच उरत नाही. ही मोकळी जागा शिक्षकाने भरायची असते आणि ती कशी भरली जाते यावर मुलाच्या मनात परागणाचे कोणते चित्र ठसणार हे अवलंबून असते. लंडनच्या पश्चिमेला साठ-पासष्ट किलोमीटरवर, थेम्स आणि केनेट नद्यांच्या संगमाशी वसलेल्या रीडिंग शहराच्या संदर्भात हा प्रश्न तपासण्याजोगा आहे, कारण ती जागा काय घालून भरावी याचे शास्त्रीय उत्तर बऱ्याच अंशी याच शहरातील विद्यापीठात तयार झाले आहे.

रीडिंगचा फुलांशी आणि बियांशी असलेला संबंध विद्यापीठाहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकात हे शहर तीन उद्योगांसाठी ओळखले जाई: हंटले अँड पामर्सची बिस्किटे, सायमंड्सची बिअर आणि सटन्सचे बियाणे व कंद. १८०६ मध्ये स्थापन झालेल्या सटन्स कंपनीची चाचणी-शेते रेल्वेमार्गालगत होती आणि १९७० च्या दशकात टॉर्कीला स्थलांतर होईपर्यंत तिचा पत्ता रीडिंगचाच होता. कंपनीची कागदपत्रे आज विद्यापीठाच्या ग्रामीण जीवन संग्रहालयात जतन केलेली आहेत. बियाणे तयार करणाऱ्याला परागण दोन्ही अंगांनी जाणावे लागते. कीटक आले नाहीत तर बी धरत नाही, आणि आले तर ते कोबीचा पराग शेजारच्या वाफ्यातील फुलकोबीवर नेऊन दोन्ही वाणांची शुद्धता घालवतात; म्हणून जवळच्या नात्यातील वाणांमध्ये मोठे अंतर राखणे किंवा फुलोऱ्यावर जाळी घालणे हा या व्यवसायाचा पहिला नियम आहे. शाळेत परागणाचे वर्णन बहुधा केवळ मंगल घटना म्हणून केले जाते. ती अडवावीही लागते, हे सटन्सच्या शहरातील मुलांना सांगणे सहज शक्य आहे आणि त्यातून त्यांना जाती आणि वाण यांतील फरकही कळू शकतो.

रीडिंग विद्यापीठाला राजसनद १९२६ मध्ये मिळाली आणि व्हाइटनाइट्स ही आजची विस्तीर्ण जागा त्याने १९४७ मध्ये घेतली. जुनी झाडे, तळे, गवताळ कुरणे आणि हॅरिस गार्डन हे वनस्पती-उद्यान असलेल्या या आवारात शेती आणि पर्यावरण यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करणारे केंद्र असून, परागवाहकांवरील त्याच्या कामाला जगभर मान्यता आहे. परागवाहक म्हणजे परागकण वाहून नेणारा कोणताही प्राणी. या केंद्रातील प्राध्यापक सायमन पॉट्स हे जैवविविधता आणि परिसंस्था सेवांविषयीच्या आंतरशासकीय व्यासपीठाने केलेल्या पहिल्या जागतिक परागण-मूल्यांकनाचे सहअध्यक्ष होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये क्वालालंपूर येथे स्वीकारल्या गेलेल्या त्या अहवालानुसार, जगातील प्रमुख अन्नपिकांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक प्रकारांचे उत्पादन किंवा प्रत निदान काही प्रमाणात प्राण्यांनी केलेल्या परागणावर अवलंबून असते. याचा अर्थ माश्या संपल्या तर तीन चतुर्थांश अन्न संपेल असा होत नाही. गहू, भात, ज्वारी, मका ही पोट भरणारी धान्ये वाऱ्याने किंवा स्वपरागणाने धरतात. कीटकांवर भिस्त असते ती फळे, भाज्या, तेलबिया आणि सुकामेवा यांची, म्हणजे ज्यांतून जीवनसत्त्वे मिळतात त्या अन्नाची. माश्या गेल्या की माणूस चार वर्षांत संपेल, असे आइन्स्टाइनच्या नावावर खपवले जाणारे निराधार वाक्य सर्वत्र ऐकू येते. आठ वर्षांच्या मुलाला भीती घालण्यापेक्षा त्याच्या डब्यातील पोळीला माशी लागली नाही आणि भाजीला लागली, हे दाखवणे अधिक खरे आणि अधिक उपयोगाचे आहे.

प्राथमिक शिक्षणाच्या दृष्टीने या केंद्राचे सर्वांत महत्त्वाचे काम २०११ मधील आहे. टॉम ब्रीझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील कीटकावलंबी पिकांचे क्षेत्र आणि पाळीव मधमाश्यांच्या वसाहतींची संख्या यांची सांगड घातली, तेव्हा देशाला लागणाऱ्या परागणापैकी फार तर ३४ टक्के भाग पाळीव मधमाश्या भागवू शकतात असे दिसून आले. १९८४ मध्ये हेच प्रमाण ७० टक्के होते. मधल्या काळात मोहरीवर्गीय तेलबियांचे क्षेत्र वाढले आणि पेट्या घटल्या, तरीही पिके बुडाली नाहीत, याचा अर्थ उरलेले काम दुसरे कोणीतरी करत होते. ते दुसरे कोणीतरी म्हणजे रानात, कुंपणात, भिंतींच्या भेगांत आणि शाळेच्या मैदानाच्या कडेला राहणारे देशी कीटक. वर्गातल्या तक्त्यावर मात्र आजही एकच माशी असते: पिवळी-काळी, पोळ्याशेजारी हसणारी, मध देणारी. या चित्रातून मुलांच्या मनात घर करणारी समजूत अशी की, मधमाश्यांची एक पेटी ठेवली म्हणजे निसर्ग वाचला. वस्तुतः फुले मर्यादित असलेल्या जागी पेट्या वाढवल्यास रानटी माश्यांच्या वाट्याचा मधुरस कमी होऊ शकतो. पाळीव मधमाशीचे मोल कोणीही नाकारत नाही, परंतु तिची चिंता वाहणारे मधपाळ आहेत आणि रानटी माश्यांना कोणीही धनी नाही, हा फरक तिसरीतल्या मुलालाही समजण्याजोगा आहे.

ब्रिटनमध्ये माश्यांच्या, म्हणजे मधमाशीच्या व्यापक कुळातील कीटकांच्या, सुमारे २७० जाती आहेत. त्यांतील मधमाशी ही केवळ एक जात आहे, चोवीसच्या आसपास बंबलबी आहेत आणि उरलेल्या बहुतेक सर्व एकांड्या माश्या आहेत. बंबलबी ही गुबगुबीत, दाट केसांची, लहान वसाहत करून राहणारी माशी असते. तिची राणी एकटीच हिवाळा काढते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहेर पडून उंदराच्या सोडलेल्या बिळासारख्या जागी नवे घर थाटते. एकांड्या माश्यांमध्ये राणीही नसते आणि कामकरीही नसतात. प्रत्येक मादी स्वतःचे बीळ किंवा पोकळी शोधते, तिच्या कप्प्यांत पराग आणि मधुरस यांची शिदोरी ठेवते, तिच्यावर अंडे घालते आणि तोंड लिंपून निघून जाते. रीडिंगच्या बागांत एप्रिलमध्ये दिसणारी रेड मेसन ही तांबूस माशी हे लिंपण चिखलाने करते. गुलाबाच्या पानाचे अर्धगोल तुकडे कापून नेणारी लीफकटर माशी उन्हाळ्यात येते. मोकळ्या मातीत ज्वालामुखीसारखे इवले ढीग करणाऱ्या टॉनी मायनिंग माशीची मादी कोल्ह्याच्या रंगाची असते आणि ती हिरवळीवर वसंतातच दिसते. यांच्याखेरीज हॉव्हरफ्लाय नावाच्या माश्यांच्या २८० च्या घरात जाती आहेत. या माश्या गांधीलमाशीचे पट्टे मिरवतात, पण त्यांना डंख नसतो, पंखांची जोडी एकच असते आणि त्यांपैकी अनेकींच्या अळ्या मावा खाऊन पिकाचे रक्षणही करतात. पंखांच्या जोड्या मोजून खरी माशी आणि सोंग घेतलेली माशी वेगळी ओळखणे हा सात वर्षांच्या मुलाला जमणारा आणि आवडणारा शास्त्रीय व्यायाम आहे.

या विविधतेचे कारण शरीररचनेत आहे आणि ते वर्गात सांगितल्याशिवाय ‘देशी परागवाहक’ ही संज्ञा पोकळ राहते. मधमाशी गोळा केलेला पराग मधुरसाने भिजवून मागच्या पायांवरील परागटोपलीत घट्ट बसवते, त्यामुळे त्या गोळ्यातील कण कुक्षीवर सहसा गळत नाहीत. रेड मेसन माशी मात्र पोटाखालच्या केसांत कोरडा पराग भरून नेते आणि सफरचंदाच्या फुलावर उतरताना तो सढळपणे सांडते. बंबलबी उड्डाणापूर्वी पंखांचे स्नायू थरथरवून अंग तापवते, म्हणून थंड, ढगाळ एप्रिलमध्ये मधमाश्या पेटीत बसून असताना ती फुलावर हजर असते. तिची आणखी एक करामत मराठी घरातल्या मुलाला विशेष जवळची वाटावी अशी आहे. टोमॅटो आणि वांगे यांच्या फुलांत पराग उघड्यावर नसतो. परागकोशाच्या टोकाला असलेल्या बारीक छिद्रांतून तो हादरा बसल्यावरच बाहेर पडतो. बंबलबी फुलाला घट्ट धरून पंख न हलवता स्नायू कंपवते आणि पराग झटकून घेते. मधमाशीला हे साधत नाही. म्हणूनच १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून युरोपातील काचगृहांत टोमॅटोसाठी बंबलबीच्या वसाहती विकत आणून ठेवल्या जातात. त्यापूर्वी हे काम कामगार हातात कंपनयंत्र घेऊन करत असत.

इंग्लंडच्या प्राथमिक वर्गांत या विषयाच्या अध्यापनाची एक ठरलेली वाट आहे. आधी डॅफोडिल, ट्यूलिप किंवा लिलीचे फूल उलगडून निदलपुंज, दलपुंज, पुंकेसर, कुक्षी, कुक्षीवृंत आणि अंडाशय असे भाग कागदावर मांडले जातात. मग खेळ होतो. कागदी फुलांच्या तळाशी चीजच्या कुरकुऱ्यांची पिवळी भुकटी ठेवतात, मुले बोटे घालून खाऊ काढतात आणि भुकटी पुढच्या फुलाला लागते. माशी खाण्यासाठी येते आणि पराग तिच्या नकळत जातो, ही मूळ कल्पना या खेळातून उत्तम रीतीने पोहोचते, कारण माशी फुलाला मदत करायला येते या समजुतीला तो हळूच बाजूला सारतो. पण खेळातले प्रत्येक बोट प्रत्येक फुलात जाते आणि निसर्गात तसे होत नाही. लाल क्लोव्हरच्या खोल नळीत लांब जिभेच्या बंबलबीलाच मधुरस गाठता येतो, आखूड जिभेच्या माश्या कधी कधी नळीला बाहेरून भोक पाडून तो चोरतात, आणि एखादी माशी एका फेरीत बहुधा एकाच जातीची फुले धुंडाळते. या शेवटच्या गुणाला पुष्पनिष्ठा म्हणतात आणि तो नसता तर सफरचंदाचा पराग गवतफुलांवर वाया गेला असता. मुलांचा सर्वांत नेहमीचा घोटाळा परागण आणि बीजप्रसार यांच्यात होतो, कारण दोन्हींत काहीतरी एका जागेहून दुसरीकडे जाते. तो घोटाळा व्याख्येने सुटत नाही. एकच फूल कळीपासून फळापर्यंत आठवड्यागणिक पाहिले, तरच आधी काय आणि नंतर काय हे लक्षात राहते.

परागणाचा इतिहास याच पाहण्याचा आहे आणि त्यात शाळेचा वाटा अनपेक्षितपणे मोठा आहे. फुलांचे रंग, रेषा आणि मधुरस ही कीटकांसाठीची व्यवस्था आहे, हे १७९३ मध्ये ग्रंथरूपाने मांडणारे ख्रिस्तियान कोनराड श्प्रेंगेल हे बर्लिनजवळच्या श्पांडाऊ येथील शाळेचे मुख्याध्यापक होते. १७८७ मध्ये एका रानटी जिरेनियमच्या पाकळ्यांच्या तळाशी असलेले बारीक केस त्यांना खटकले. ते पावसापासून मधुरसाचे रक्षण करत असावेत, असे अनुमान करून त्यांनी शेकडो जातींची फुले तासन्‌तास न्याहाळली. त्यांच्या ग्रंथाची कदर हयातीत झाली नाही. ती अनेक दशकांनी डार्विनने केली. १८४१ मध्ये हिंदी महासागरातील रेयुनियों बेटावर एडमंड आल्ब्युस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने व्हॅनिलाच्या फुलातील पडदा काडीने उचलून, अंगठ्याने पराग कुक्षीवर दाबण्याची रीत शोधली. मूळच्या मेक्सिकोतील परागवाहक त्या बेटावर नव्हते, म्हणून वेल फुलत असे पण शेंग धरत नसे. त्या मुलाची रीत आजही जगभर वापरली जाते. आणि डिसेंबर २०१० मध्ये डेव्हन परगण्यातील ब्लॅकॉटन गावच्या प्राथमिक शाळेतील आठ ते दहा वर्षे वयाच्या २५ मुलांचा शोधनिबंध रॉयल सोसायटीच्या ‘बायॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कोणत्या फुलावर जायचे हे ठरवताना बंबलबी रंग आणि रंगांची मांडणी या दोहोंचा एकत्र उपयोग करू शकते, हे त्यांनी शास्त्रज्ञ बो लोटो यांच्या साहाय्याने प्रयोग करून दाखवले होते. निबंधातील आकृत्या रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या होत्या आणि त्याला संदर्भसूची नव्हती. प्रश्न मुलांचे होते आणि उत्तर त्यापूर्वी कोणाला ठाऊक नव्हते, हे या निबंधाचे खरे मोल होय.

प्रत्येक शाळेला प्रयोगशाळेचा शास्त्रज्ञ लाभत नाही, परंतु प्रत्येक शाळेला वापरता येईल असे एक साधन मात्र उपलब्ध आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटनच्या परागवाहक निरीक्षण योजनेचे समन्वयन रीडिंगच्या वायव्येला थोड्याच अंतरावर असलेल्या वॉलिंगफर्डच्या परिसंस्था व जलविज्ञान केंद्राकडे आहे आणि रीडिंग विद्यापीठ तिच्या भागीदारांपैकी एक आहे. तिच्यातील ‘फिट काउंट’ नावाची पद्धत अशी : एप्रिल ते सप्टेंबर या काळात, कोरड्या हवेत, ऊन असल्यास किमान १३ आणि ढगाळ असल्यास १५ अंश सेल्सिअस तापमान असताना, ५० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोन आखायचा, त्यातील एकाच प्रकारच्या फुलाची निवड करून फुले मोजायची, आणि दहा मिनिटे त्या फुलांवर येणारा प्रत्येक कीटक बंबलबी, मधमाशी, एकांडी माशी, गांधीलमाशी, हॉव्हरफ्लाय, इतर माश्या, फुलपाखरे-पतंग, भुंगेरे अशा ढोबळ गटांत नोंदवायचा. जात ओळखण्याची गरज नाही. कीटक आला नाही तर शून्य लिहायचे, आणि त्या शून्यालाही तेवढीच किंमत असते, कारण संख्या घटते आहे की वाढते आहे हे शून्यांवाचून कळत नाही. १९८० ते २०१३ या काळातील नोंदींवरून वॉलिंगफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की, ब्रिटनमधील अभ्यासलेल्या ३५३ रानटी माश्या आणि हॉव्हरफ्लाय यांच्या जातींपैकी एक तृतीयांश जातींचा आढळ आकसला आणि सुमारे एक दशांश जातींचा वाढला. त्या नोंदी बहुतांशी हौशी निरीक्षकांनी गोळा केलेल्या होत्या. तिसऱ्या वर्षाच्या गणितात स्तंभालेख आणि तक्ते वाचणे-काढणे येतेच. शाळेच्या आवारातील डँडेलियनवरचा आणि कुंडीतल्या दुहेरी फुलावरचा स्तंभ शेजारी शेजारी काढला की, विज्ञान आणि गणित यांची वेगळी भेट घडवून आणावी लागत नाही.

कुंडीतल्या त्या फुलाचा स्तंभ बहुधा बुटका निघतो. ज्या बागफुलांत पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात अशा दुहेरी फुलांत पराग थोडा आणि मधुरसाची वाट बंद असते. हे कळल्यावर शाळेच्या बागेत काय लावावे याचा निर्णय मुलेच घेऊ शकतात. इंग्लंड आणि वेल्समधील रानफुलांची ९७ टक्के कुरणे १९३० च्या दशकानंतर नाहीशी झाली, त्यामुळे शाळेच्या मैदानाची न कापलेली कडाही नगण्य ठरत नाही. ‘लर्निंग थ्रू लँडस्केप्स’ या संस्थेच्या पुढाकाराने २०१५ नंतर चाललेल्या ‘पॉलिनेशन’ प्रकल्पात ब्रिटनमधील २६० शाळांनी आपली आवारे परागवाहकांसाठी बदलली. २०२३ मध्ये शिक्षण खात्याच्या पाठबळाने सुरू झालेला ‘नॅशनल एज्युकेशन नेचर पार्क’ हा उपक्रम सर्व शाळांच्या आवारांना मिळून एकच उद्यान मानतो. असे उपक्रम स्वागतार्ह आहेत, तरी त्यांतील लोकप्रिय ‘बी हॉटेल’विषयी सावध राहणे इष्ट. पोकळ नळ्यांचे हे घरटे दक्षिणाभिमुख, पावसापासून आडोशाला आणि पंधराएक सेंटिमीटर खोल नळ्यांचे असावे लागते आणि नळ्या वेळोवेळी बदलाव्या लागतात, नाहीतर त्यात बुरशी आणि परजीवी माजतात. शिवाय बहुसंख्य एकांड्या माश्या नळीत नव्हे तर जमिनीत राहतात. त्यांच्यासाठी उन्हातला उघड्या मातीचा एक तुकडा कोणत्याही विकतच्या घरापेक्षा मोलाचा असतो. डंखाची भीती रास्त आहे, ॲलर्जी असलेल्या मुलांची नोंद शिक्षकाजवळ असायलाच हवी. पण नराला डंख नसतो आणि एकांड्या माश्या क्वचितच डसतात, हे सांगितल्याने भीतीची जागा सावधगिरी घेते.

रीडिंग आणि लगतच्या वोकिंगम, लोअर अर्ली या भागांत गेल्या पंचवीस वर्षांत माहिती-तंत्रज्ञानाच्या नोकऱ्यांमुळे अनेक मराठी कुटुंबे स्थिरावली आहेत. त्यांच्या मुलांच्या बाबतीत ‘देशी’ या शब्दाला दोन भूप्रदेशांचा संदर्भ येतो. शाळेत ओळख झालेली बंबलबी त्यांना आजोळी दिसत नाही, कारण भारतात तिचा आढळ हिमालय आणि ईशान्येकडील डोंगरांपुरता असून सह्याद्री आणि दख्खन या प्रदेशांत ती मुळीच नाही. पुण्या-नाशिकच्या वांग्याच्या फुलावर तेच कंपनाचे काम काळाभोर, निळसर पंखांचा लाकूड पोखरणारा भुंगा आणि पोटावर निळे पट्टे असलेली चपळ माशी करतात. महाराष्ट्रात मधमाश्याच अनेक प्रकारच्या आहेत : इमारतींच्या सज्जांना आणि उंच कड्यांना लोंबणारी आग्या, झाडांच्या ढोलीत राहणारी आणि पेटीत पाळता येणारी सातेरी, झुडपांत एकच पोळे बांधणारी फुलोरी आणि भिंतींच्या भेगांत राहणारी डंखहीन, कोती किंवा पोया म्हणून ओळखली जाणारी चिमुकली माशी. इंग्लंडमध्ये परागण हे जवळजवळ सर्वस्वी कीटकांचे आणि वाऱ्याचे काम आहे. महाराष्ट्रात पळस-पांगाऱ्यावर पक्षी येतात, जास्वंदीवर शिंजीर येतो आणि गोरखचिंचेच्या रात्री उमलणाऱ्या फुलांवर वटवाघळे येतात. आंब्याच्या मोहोरावर ज्या माश्यांना हाकलले जाते त्याच माश्या फळ धरवतात. उंबराचे फूल दिसत नाही असे म्हणतात, कारण असंख्य फुले त्या गोल पुष्पाधाराच्या आत दडलेली असतात आणि चिलटाएवढी एक गांधीलमाशी आत शिरून त्यांचे परागण करते. इंग्लंडच्या बागांतील अंजिराला ही माशी मिळत नाही, म्हणून तेथे परागणाविना फळ धरणारे वाणच लावतात. पुण्याच्या मिलिंद वाटवे, अपर्णा वाटवे, कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मधुरसच न देणाऱ्या, म्हणजे कीटकांना फसवणाऱ्या फुलांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. फूल आणि कीटक यांचे नाते हिशेबाचे आहे, मैत्रीचे नाही, हे मुलांना समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

तात्पर्य हे की, परागणाची प्रक्रिया रीडिंगमध्ये आणि रत्नागिरीत एकच असली, तरी ती घडवणारे प्राणी वेगळे आहेत, आणि इंग्रजी चित्रपुस्तकांतून महाराष्ट्रातील शाळांत पोहोचलेली गुबगुबीत बंबलबी इथल्या मुलाला त्याच्या खिडकीतल्या तुळशीवरील माशीपासून दूर नेते. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. मधुमक्षिकापालनाची ही परंपरा अभिमानास्पद आहे, परंतु शाळेतील परागण मधापाशी थांबले तर रीडिंगच्या संशोधकांनी दाखवलेली चूक येथेही होईल. दहा मिनिटांची गणना मात्र जशीच्या तशी उचलता येते, फक्त गट बदलावे लागतात : आग्या, सातेरी, फुलोरी, डंखहीन माशी, भुंगा, निळ्या पट्ट्यांची माशी, इतर माश्या, मुंग्या, फुलपाखरे आणि पक्षी. मंजिऱ्या आलेली तुळस, तूर, सूर्यफूल, कारले ही फुले त्यासाठी प्रत्येक गावात आहेत.

एका बाबतीत महाराष्ट्रातील शाळा रीडिंगपेक्षा सोयीच्या स्थितीत आहे. परागण प्रत्यक्ष सिद्ध करून दाखवणारे सर्वांत सोपे पीक म्हणजे लाल भोपळा, कारण त्याची नरफुले आणि मादीफुले वेगळी असतात आणि मादीफुलाच्या खाली इवला भोपळा आधीच दिसतो. आदल्या संध्याकाळी एका मादी कळीला मलमलीची पिशवी बांधायची, दुसरी मोकळी ठेवायची, तिसरीवर सकाळी नरफुलातील पराग मुलांनी स्वतः लावून पिशवी बांधायची. आठवड्याभरात पहिल्या कळीखालचा भोपळा पिवळा पडून गळतो, तिसरीखालचा वाढू लागतो आणि मोकळ्या फुलाचे काय होते यावरून परिसरात परागवाहक किती आहेत याचा अंदाज येतो. इंग्लंडमध्ये भोपळा जुलैच्या उत्तरार्धात आणि ऑगस्टमध्ये फुलतो, तेव्हा शाळांना उन्हाळी सुट्टी असते आणि अनेक मराठी मुले आजोळी असतात. महाराष्ट्रात जूनच्या पावसावर लावलेला वेल ऑगस्टमध्ये फुलतो तेव्हा परिसर अभ्यासाचे वर्ग भरलेले असतात. अडचण एकच : भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते, म्हणून हा तास सकाळच्या प्रार्थनेनंतर लगेच घ्यावा लागतो.